तीन शून्यांचा ठिपका

सन्माननीय अध्यक्ष शरदराव, व्यासपीठावर विराजमान आजचे सत्कारमूर्ती आणि उद्याचे प्रवासी यूनुसभाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या ऑफिसच्या इंजिनिअर समिधाताई, पहिल्या रांगेत बसलेल्या यूनुसभाईंच्या भगिनी रहिमाताई आणि त्यांची कन्या तहरीम, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, शुक्रवारची दुपारची झोप मोडून आलेले बंधुभगिनी, आणि मागच्या दाराशी घोळका करून इंग्रजीत कुजबुजणारे आमच्या पुढच्या पिढीचे प्रतिनिधी, आपणा सर्वांना काशिनाथचा नमस्कार आणि सलाम.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. परवा फोन करून ते म्हणाले, "काशिनाथ, यूनुसला तू सगळ्यांत आधीपासून ओळखतोस. चार गोड शब्द बोल आणि मोकळा हो." आता गोड शब्द बोलण्यात मी काही कच्चा नाही. गेली पंधरा वर्षं मी या मंडळात निरोपाची भाषणं करतो आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला मी 'मंडळाचा आधारस्तंभ' म्हटलेलं आहे. इतके आधारस्तंभ निघून गेले तरी मंडळ उभंच आहे, यावरून माझ्या शब्दांना किती वजन आहे ते तुम्हीच ठरवा. पण मोकळा हो, हे जे ते म्हणाले ना, ते मात्र मी मनावर घेतलं आहे.

यूनुसभाईंची ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही. शर्कच्या मासळी बाजारात डावीकडून तिसरा ठेला. आपल्यापैकी निम्म्या घरांतली सुरमई त्यांच्या हातून कापून आलेली असते. माझी पत्नी मुक्ता त्यांच्याशिवाय कुणाकडून मासळी घेत नाही, आणि ती आधी मला न विचारता त्यांना विचारते, आज काय चांगलं आहे. अठ्ठ्याहत्तर साली ते राजापूरच्या खाडीकडच्या आपल्या गावाहून इथे आले. वडिलांची होडी होती, लहानपण समुद्रावर गेलं, आणि इथे येऊन चालवायला मिळाला पाण्याचा टँकर. खाऱ्या पाण्यातून उठले आणि गोड पाण्याच्या व्यवसायात पडले, असं ते स्वतःच म्हणतात. अठ्ठावीस वर्षं झाली. उद्याच्या विमानानं ते कायमचे गावी चालले आहेत.

इथवर भाषण रीतसर झालं. आता पुढचं.

गेल्या महिन्यात याच व्यासपीठावर माझा सत्कार झाला. आपण सगळे होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र वाचणाऱ्यांनी सांगितलं की इराकी आक्रमणाच्या काळात बेपत्ता झालेल्या माणसांच्या कबरी नकाशांच्या साहाय्यानं शोधण्याच्या कामात आपल्या काशिनाथकाकांनी पंधरा वर्षं घालवली, आणि त्यांच्या जुन्या फाइलीमुळेच आपल्या नूरुद्दीनची कबर सापडली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी मान खाली घालून बसलो होतो. नंतर चहाच्या वेळी दोघांनी मला सांगितलं, काका, केवढा विनय तुमचा! मंडळी, तो विनय नव्हता. मला वर बघवत नव्हतं.

नूरुद्दीन म्हणजे रहिमाताईंचे यजमान, यूनुसभाईंचे मेहुणे. राई भागातल्या एका गॅरेजात मेकॅनिक होते. यूनुसभाई आणि ते गॅरेजच्या मागच्या खोलीत एकत्र राहायचे. रहिमाताई तेव्हा गावी, आणि तहरीम दीड वर्षाची. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. आपल्यापैकी ज्यांना जमलं ते बसनं बसरा, बगदाद करत अम्मानला गेले आणि तिथून विमानानं मुंबईला. त्या बसमध्ये मीही होतो. यूनुसभाईंनाही जागा मिळत होती. पण सप्टेंबरात गॅरेजमध्ये कुणाची तरी गाडी सापडली, सैनिक तीच गाडी शोधत होते, आणि ते गाडीबरोबर नूरुद्दीनलाही घेऊन गेले. यूनुसभाई म्हणाले, त्याला टाकून मी रहिमाला काय तोंड दाखवू? आणि ते मागे राहिले.

त्यांच्याकडे टँकर होता म्हणून सैनिकांनी त्यांना छावणीला पाणी पोचवायच्या कामाला जुंपलं. जहराच्या पुढे, सालमीच्या रस्त्याच्या उत्तरेला, वाळवंटात आत. नोव्हेंबरात एके दिवशी परत येताना त्यांचा टँकर अडवला. समोर मातीकाम करणारं एक यंत्र आडवं उभं होतं. पाऊण तास त्यांना केबिनमध्ये बसवून ठेवलं, आणि समोर खड्ड्यात तीन माणसं ठेवली गेली. तिघांतल्या एकाच्या अंगात मेकॅनिक घालतात ती निळी डांगरी होती. डांगरीच्या पाठीवर पांढऱ्या कापडाचं ठिगळ. ते ठिगळ यूनुसभाईंनी स्वतः दाभणानं शिवलेलं होतं, शिडाला टाके घालतात तसे मोठे टाके घालून.

ओरडायची सोय नव्हती. कागद-पेन्सिल काढायची तर नव्हतीच. तेव्हा या माणसानं काय केलं? वडिलांच्या होडीवर शिकलेलं काम केलं. समुद्रात मासळीचा खडक पाण्याखाली असतो, वर काही दिसत नाही. पाण्यावर पाटी लावता येत नाही. मग कोळी काय करतो? किनाऱ्याकडे बघतो. एका बाजूला मशिदीचा मिनार एखाद्या माडाच्या बरोबर मागे आला, आणि दुसऱ्या बाजूला डोंगराची सोंड बंदराच्या दिव्यावर आली, की तीच जागा. दोन जोड्या जुळल्या की जागा पक्की. वीस वर्षांनी गेला तरी होडी तिथेच नेऊन उभी करतो. यूनुसभाईंनी त्या वाळवंटात, मानेवर बंदूक असताना, चारी बाजूंना बघून अशा दोन जोड्या धरल्या आणि मनात घट्ट बसवल्या.

इथवरची गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. पुढची फक्त मला ठाऊक आहे.

एक्याण्णवच्या जूनमध्ये मी परत आलो. आकाश तेलविहिरींच्या धुरानं काळं झालं होतं. भर दुपारी आम्ही गाडीचे दिवे लावायचो. मी एका सर्व्हे कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, आणि कंपनीला काम मिळालं होतं की लोक ज्या ज्या जागा सांगतील, इथे कुणीतरी पुरलं आहे, इथे माती उकरलेली दिसली, त्या सगळ्या नकाशावर मांडायच्या. हिंदुस्थानी साक्षीदार आले की त्यांची जबानी मी घ्यायचो, कारण भाषा. कागद अरबी, साहेब इंग्रजी, साक्षीदार मराठी नाहीतर मल्याळी, आणि मध्ये मी. ऑक्टोबरात एका गुरुवारी यूनुसभाई माझ्या टेबलासमोर येऊन बसले. गुरुवारी आमचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस असायचं. बारा वाजत आले होते.

मी विचारलं, रस्त्यापासून किती किलोमीटर आत?

ते म्हणाले, "किलोमीटर मना सांगता येवचा नाय. टँकरचा काटा बंद व्हता. पन खूण सांगतंय, ती पक्की हाय." आणि त्यांनी त्यांच्या दोन्ही जोड्या सांगितल्या. हात पसरून दाखवल्या. उजवा हात असा, डावा हात असा.

आणि मी हसलो. पुण्यात डिप्लोमा केलेला माणूस ना मी! शेजारच्या टेबलांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अरे, तू इथे मासे धरायला आला आहेस का? वाळवंटात होडी आणणार आहेस?" सगळे हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. यूनुसभाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्या दिवशी मी त्यांना अरे-तुरे केलं. तेही थोडे हसले. मेहुण्याची कबर सांगायला आलेला माणूस, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसला.

ते गेल्यावर फॉर्म भरायचा होता. फॉर्ममध्ये जागेच्या आकड्यांचे दोन चौकोन होते. एक पूर्वेकडच्या आकड्याचा, एक उत्तरेकडच्या. चौकोन रिकामा राहिला की आमचा साहेब लाल पेन्सिलीनं त्याभोवती गोल काढायचा आणि कागद परत पाठवायचा. परत जबानी, परत जागेवर जाणं, आणि दोन जोड्यांवरून रेघा काढायच्या तर यूनुसभाईंनी सांगितलेल्या टाक्या, खांब, मनोरा सगळ्यांच्या जागा मोजून आणायच्या. आठवड्याचं काम. मी काय केलं? नकाशा पुढे ओढला, सालमीच्या रस्त्याच्या वर नजर टाकली, आणि नकाशावर ज्या आडव्या-उभ्या रेघा छापलेल्या असतात ना, किलोमीटरच्या, त्यांतल्या एका उभ्या आणि एका आडव्या रेघेच्या छेदावर ठिपका दिला. तिथला आकडा मोजावा लागत नाही. कडेला छापलेलाच असतो. पूर्वेला शेवटी तीन शून्यं, उत्तरेला शेवटी तीन शून्यं. दोन मिनिटांत चौकोन भरले. अंदाजे, असा शब्दसुद्धा लिहिला नाही. साडेबाराला मी घरी जेवत होतो.

तुम्ही म्हणाल, हलगर्जीपणा झाला, माणूस आहे. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण तो हलगर्जीपणा होता फक्त फेब्रुवारीपर्यंत.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत त्या ठिपक्यावर खोदकाम झालं. सुरुंगांची भीती होती म्हणून साक्षीदाराला नेत नसत. नेलं असतं तर यूनुसभाईंनी तिथे पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं असतं, ही जागा नव्हे. तीन दिवस खोदलं. काही मिळालं नाही. साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, हा साक्षीदार भरवशाचा आहे का? मंडळी, त्या क्षणी माझ्या हातात सगळं होतं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, साक्षीदार पक्का आहे, ठिपका माझा आहे. पण त्याच आठवड्यात माझ्या कुटुंबाच्या व्हिसाचा कागद साहेबांच्या सहीसाठी गेला होता. मुक्ताला इथे आणायचं होतं. मी म्हणालो, "नाही साहेब, अडाणी माणूस आहे. नीट सांगता येत नाही." साहेब म्हणाले, तसं लिही. मी लिहिलं. साक्षीदाराची माहिती विश्वासार्ह नाही. खाली माझी सही, सुवाच्य अक्षरात. ड्राफ्ट्समनचं अक्षर चांगलं असतं.

फाइल बंद झाली.

यूनुसभाईंनी त्याआधीच गावी निरोप धाडला होता, रहिमा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तुला मी कबर दाखवीन. मग कळवावं लागलं की तिथे काही मिळालं नाही. आता रहिमाताईंनी यातून काय समजायचं? त्या समजल्या की आपला नवरा जिवंत आहे. तेव्हा सगळेच म्हणत होते, माणसं तिकडच्या तुरुंगात आहेत, आज ना उद्या सुटतील. आणि आपला सख्खा भाऊ जिवंत माणसाला मातीत घालायला निघाला होता! त्यांनी इद्दत, म्हणजे विधवेचा शोककाळ, पाळली नाही, कारण पाळायची कशासाठी? दुसरं लग्न केलं नाही. तेरा वर्षं दर ईदला नूरुद्दीनसाठी नवा सदरा शिवून ठेवला. आणि भावाशी बोलणं टाकलं. यूनुसभाई सुट्टीवर गावी गेले की त्या दार लावून घ्यायच्या. आई गेली तेव्हा दोघं एका घरात होती, तरी बोलली नाहीत.

आणि यूनुसभाई? ते स्वतः एकदा गेले होते त्या वाळवंटात, सुरुंग काढून झाल्यावर. पण युद्धात रेडिओचा मनोरा पडला होता, विजेचे खांब आडवे झाले होते. जोड्याच उरल्या नव्हत्या. तिथे उभं राहून त्यांनी ठरवून टाकलं की चूक आपलीच. आपल्या डोळ्यांवरचा भरवसा त्या माणसानं सोडला. टँकर सोडला आणि बाजारात मासळी कापायला बसला. मी दर गुरुवारी त्यांच्याकडून मासळी घेत होतो. ते मला दोन तुकडे जास्त घालायचे. मी घ्यायचो.

मागून चिठ्ठी आली आहे. वेळ संपत आली, असं लिहिलं आहे. अध्यक्ष महोदय, आज मला थोडी जास्त लागणार आहे. वडे गार होतील, त्याबद्दल आताच क्षमा मागतो.

दोन हजार चारमध्ये सगळ्या जुन्या फाइली पुन्हा उघडल्या गेल्या, आणि त्यासाठी समिधाताई आल्या. वय तिशीच्या आतलं. आम्ही ज्या जागा पेन्सिलीनं कागदावर टिपल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी संगणकावर घेतल्या. खाली जुने रस्ते, त्यावर छावण्या, त्यावर विमानातून काढलेली त्या वेळची छायाचित्रं, त्यावर उपग्रहाची चित्रं, असे थरावर थर. कुठे माती हलली आहे, कुठे नोव्हेंबरात नसलेला डाग डिसेंबरात दिसतो, हे त्या बघायच्या. एका सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, हा एक ठिपका बघा ना. दोन्ही आकडे तीन-तीन शून्यांवर संपतात. इतक्या नेमक्या जागी कुणी कुणाला पुरतं का?"

बारा वर्षांत एवढ्या साहेबांच्या नजरेखालून ती फाइल गेली. हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मी म्हणालो, जुनं आहे, आठवत नाही. त्यांनी विचारलं, साक्षीदार कोण होता? भेटेल का? मी म्हणालो, "तो केव्हाच गावी गेला." आदल्याच संध्याकाळी मी त्या साक्षीदाराकडून पापलेट आणलं होतं. समिधाताईंनी फॉर्मवरचं नाव लिहून घेतलं आणि मंडळाच्या सभासदांत विचारलं. दोन दिवसांत त्या शर्कच्या बाजारात डावीकडून तिसऱ्या ठेल्यावर उभ्या होत्या.

त्या हसल्या नाहीत. यूनुसभाई म्हणत होते, "बाय, माजा काय खरा नाय, मी चुकलेला मानूस हाय." तरी त्यांनी ठेल्यावरच्या वर्तमानपत्रावर दोन्ही जोड्या लिहून घेतल्या. नव्वद सालच्या छायाचित्रात त्यांनी पडलेल्या मनोऱ्याची सावली शोधली. खांबाचे चार पाय शोधले. मनोरा ज्या खाचेत दिसायचा ती डोंगराची खाच उंचीच्या नकाशावरून काढली. एक रेघ ओढली, दुसरी ओढली. त्या रेघा जिथे मिळाल्या ती जागा माझ्या ठिपक्यापासून साडेसहा किलोमीटरवर होती. आणि डिसेंबर नव्वदच्या चित्रात तिथे मातीचा एक डाग होता.

गेल्या वर्षी तिथे खोदलं. तिघं मिळाले. निळी डांगरी, पाठीवर ठिगळ, ठिगळाला दाभणाचे टाके. तहरीमच्या रक्तावरून खात्री पटली. यंदा रीतसर दफन झालं, त्यासाठी रहिमाताई आणि तहरीम इथे आल्या.

मग माझा सत्कार झाला. समिधाताईंनी तेव्हा चार वाक्यांत सगळं श्रेय जुन्या फाइलींना देऊन टाकलं. मी काय केलं आहे हे त्यांना कळलेलं होतं, आणि तरी त्यांनी मला झाकलं, असं माझं मत आहे. त्यांना मी विचारलेलं नाही. धीर झाला नाही.

दफनानंतर रहिमाताई मला भेटल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "भाऊ, तुमी नसता तर माजा मानूस कधी गावला नसता." मी हात सोडवून घेतले नाहीत. आणि मग भावाबद्दल म्हणाल्या, "त्येला आता म्हायत व्हता तर तवा का नाय सांगितलान? माजी तेरा वर्सा का खाल्लान?" म्हणजे कबर सापडली आणि भावाचा गुन्हा वाढला! आधी तो चुकलेला होता, आता तो लपवणारा झाला. रहिमाताईंनी त्यांना सांगून टाकलं आहे की गावी आलास तरी माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. आणि हा माणूस उद्या त्याच गावी चालला आहे, तिच्या घरापासून चार घरं सोडून राहायला. आज या सभागृहातसुद्धा तो व्यासपीठावर आहे आणि ती खाली आहे, आणि दोन तासांत दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल.

बुधवारी मी यूनुसभाईंकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवून. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "भाव, माफ कर मना. तेवा डोसका ठिकानावर नव्हता, कायतरी उलटा सांगितला आसंल. माज्यापायी तुमाला फुकट खोदायला लागला." त्यांनी माझी माफी मागितली! आणि मी चहा पिऊन परत आलो. तिथून रहिमाताईंकडे गेलो. त्यांनी शिरा केला होता. तोही खाऊन परत आलो. लाज लाज म्हणतात ती काय असते, ते मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या शिऱ्याच्या वाटीत कळलं.

घरी मुक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी इथे आले ती या भावाबहिणीच्या जिवावर." आणि मग म्हणाली, "आणि स्टेजवर कशाला सांगताय? दोघांच्या घरी जाऊन सांगा की." ती बरोबर बोलली. मी गेलो होतो आणि जमलं नाही, हे तिला ठाऊक होतं. चारशे माणसांसमोर बोलणं सोपं असतं, मंडळी. गर्दीत कुणी उठून थोबाडीत मारत नाही. दोन महिन्यांनी मी निवृत्त होतो आहे, आता माझं कुणी फार काही बिघडवू शकत नाही, म्हणून मला आज कंठ फुटला आहे. हेही लक्षात असू द्या, आणि याला धैर्य म्हणू नका. उद्या शनिवारी ऑफिस उघडलं की यूनुसभाईंच्या नावापुढची ती ओळ माझी होती आणि खोटी होती, असं पत्र देतो आहे. पण पत्र फाइलीत जाईल. रहिमाताई फाइल वाचणार नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? ठेवू नका. भावाला वाचवायला काहीतरी रचून सांगतो आहे, असंही रहिमाताईंना वाटेल. म्हणून हा कागद आणला आहे. मला सवय आहे, फॉर्म भरण्याआधी साक्षीदार बोलतो ते कच्च्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्यायची. हा कागद माझ्या खणात पंधरा वर्षं आहे. समिधाताईंनी विचारलं त्या दिवशी मी तो काढून बघितला होता आणि परत आत सरकवला होता. अक्षर माझं आहे. वर तारीख आहे, सतरा ऑक्टोबर एक्याण्णव. वाचतो.

"पानियाच्या चार टाक्या. दोन नंबरची टाकी विजेच्या मोठ्या खांबाच्या एकदम आड, कडा पन दिसत नाय. दुसऱ्या बाजून रेडिओचा मनोरा डोंगराच्या खाचेत बसलेला. तिथं तिघं हायत. मधला माजा मेवना. लवकर काढा, भनीला सांगायचा हाय."

समिधाताई, तुम्ही दोन हजार चारमध्ये ठेल्यावर लिहून घेतलंत, त्यात यातला एक शब्द तरी वेगळा आहे का? नाही. त्या मान हलवत आहेत, मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो.

यूनुसभाई, तुम्ही चुकला नव्हतात. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तुमचे डोळे आणि तुमचं डोकं दोन्ही ठिकाणावर होतं.

आभार मानायचे राहिले. अध्यक्षांचे, मंडळाचे, ज्यांनी मला मधेच थांबवलं नाही त्या सूत्रसंचालकांचे, आणि आपणा सर्वांचे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, कुठे शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढं पोटात घालावं. तेवढंच. बाकी जे आहे त्याची माफी देणं तुमच्या हातात नाही आणि मी ती तुमच्याकडे मागतही नाही.

हा कागद आता माझ्याकडे राहायला नको. रहिमाताई, तुम्ही उठू नका. मी खाली येतो.